करोडगिरीचा नाका आणि इतिहासाचा तास

दिवाळी अंकात भांडण काढू नये, असा एक संकेत आहे. कथा असाव्यात, कविता असाव्यात, चार व्यंगचित्रे असावीत, आणि फराळाचे ताट बाजूला ठेवून आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांनी ते आळीपाळीने वाचावे. हा संकेत मी आज मोडणार आहे. माझे भांडण घराघरांतल्या त्या नातवासाठीच आहे, तेव्हा घरातील मंडळी मला क्षमा करतील, असा भरवसा आहे.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील माध्यमिक शाळांत मी एकतीस वर्षे इतिहास शिकवला. त्या अनुभवाच्या जोरावर मी एक विधान करतो, आणि ते कोणाला झोंबले तर झोंबू द्यावे असाच माझा हेतू आहे. आमच्या मुलांना आपण स्वातंत्र्य शिकवत नाही. आपण त्यांना स्वातंत्र्याच्या तारखा शिकवतो. या दोन गोष्टींत केवढे अंतर आहे, हे पाहायचे असेल तर करांविरुद्धच्या लढ्यांचा धडा आमच्याकडे कसा शिकवला जातो तेवढे पाहिले तरी पुरे.

दहावीच्या उंबरठ्यावर असलेल्या कोणत्याही हुशार मुलाला विचारा : दांडीयात्रा का निघाली? तो म्हणेल, 'मिठावर कर होता म्हणून.' बार्डोलीचा सत्याग्रह का झाला? 'सारा वाढवला म्हणून.' अमेरिकेतल्या बॉस्टन बंदरात लोकांनी चहा समुद्रात का फेकला? 'चहावर कर होता म्हणून.' तीनही उत्तरांना गुण मिळतात. आणि तीनही उत्तरांत मुलाच्या मनात एकच गोष्ट रुजते : सरकार फार कर घेत होते, लोक गरीब होते, म्हणून लोक चिडले. म्हणजे कर थोडा कमी केला असता तर स्वातंत्र्याची गरज उरली नसती, असेच ना?

आता खरे काय घडले ते पाहा. १७७३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने चहाचा जो कायदा केला, त्याने अमेरिकेत चहा महागला नाही, उलट स्वस्त झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा माल थेट तिकडे नेण्याची सवलत मिळाली होती. पौंडामागे तीन पेन्सांचा जुना कर तेवढा राखून ठेवला होता. त्या स्वस्त चहाच्या ३४२ पेट्या बॉस्टनच्या लोकांनी १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री पाण्यात लोटल्या. स्वस्त चहा कोणी फेकून देतो का? देतो, कारण प्रश्न तीन पेन्सांचा नव्हता. ज्या पार्लमेंटात आमचा एकही माणूस बसत नाही, तिने आमच्या खिशात हात घालावा का, हा प्रश्न होता. बार्डोलीच्या शेतकऱ्यांनी १९२८ साली २२ टक्के वाढ नाकारली. चौकशी झाली, तेव्हा ती वाढ ६.०३ टक्क्यांवर आली. सरकारचा आकडा चुकीचा आहे, आणि तो चुकीचा आहे असे म्हणण्याचा अधिकार आम्हांला आहे, हे त्या शेतकऱ्यांनी सिद्ध केले. आणि मीठ? ते तर समुद्राने फुकट दिलेले. ६ एप्रिल १९३० रोजी दांडीच्या किनाऱ्यावर गांधीजींनी जे चिमूटभर मीठ उचलले, त्याची किंमत पैचीही नसेल. संमतीवाचून घेतलेली चिमूटही लुटीतच जमा होते, हे त्या चिमटीने साऱ्या जगाला सांगितले.

हा संमतीचा मुद्दा आमच्या तासाला येतच नाही. का येत नाही? कारण तो मुलांना दूरच्या गावाच्या गोष्टीतून शिकवता येत नाही. बॉस्टन दूर, दांडी दूर, बार्डोली दूर. आणि जे जवळ आहे, ते आपण त्यांच्यापासून लपवले आहे.

जवळ काय आहे, ते सांगतो. नांदेड, लातूर, उदगीर, कंधार, बिलोली हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे गाव. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बिदर जिल्ह्यात. संस्थानाचा रुपया निराळा, त्याला हाली म्हणत. इंग्रजी रुपया तो कलदार. पंचांगाशेजारी सरकारी वर्ष फसली. जमिनीचे ढोबळ मानाने तीन भाग : साठ टक्के सरकारी, म्हणजे दिवाणी, तीस टक्के जहागीरदारांच्या, आणि दहा टक्के खुद्द निजामाच्या खासगीतल्या, म्हणजे सर्फे-खास. सरहद्द ओलांडून माल आणला-नेला की त्यावर जकात; तिचे नाव करोडगिरी. शिंदीचे झाड तुमच्या बांधावर असले तरी त्याच्या शिंदीवर सरकारचा हक्क. लिलावात गुत्ता घेणारा गुत्तेदार त्याचा धनी. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून धान्याची लेव्ही : पिकले किती, खायला उरले किती याची फारशी विचारपूस न करता, ठरवून दिलेल्या भावाने ठरवून दिलेले धान्य सरकारात घालायचे. मोठा जमीनदार त्यातून सुटण्याची वाट शोधी. सापडे तो लहान कुणबी.

माझी आजी शाळेत गेली नव्हती, पण लेव्हीचा धडा तिला पाठ होता. ती म्हणायची, 'लेव्हीवाले आले म्हनलं की आमी बळदाच्या तोंडावर गवऱ्या रचून ठिवायचो. पिकवायचं आमी, अन् मोजायचं त्यायनं!' पिकवायचे आम्ही आणि मोजायचे त्यांनी. बॉस्टनच्या वकिलांनी ग्रंथ लिहून जे सांगितले, ते माझ्या आजीने बळदासमोर उभे राहून एका ओळीत सांगितले. मग मी वर्गात बॉस्टन आधी सांगू की बळद?

७ ऑगस्ट १९४७ रोजी हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतात सामील होण्याची चळवळ पुकारली, तेव्हा लोकांनी काय केले? तिरंगे लावले, हे पुस्तकात आहे. पण याच्या जोडीने लोकांनी लेव्ही नाकारली, शिंदीची झाडे तोडली, पटवाऱ्यांची दफ्तरे जाळली, आणि पुढे सरहद्दीवरचे करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त केले. जरा विचार करा. त्यांनी नेमक्या याच गोष्टींवर हात का टाकला? कारण सत्ता कोठे राहते हे त्यांना ठाऊक होते. ती दूर हैदराबादच्या राजवाड्यात राहत नव्हती. ती नाक्यावर, गुत्त्यात आणि पटवाऱ्याच्या बस्त्यात राहत होती. पैनगंगेच्या पलीकडे, पुसद येथे, १० जुलै १९३० रोजी लोकनायक अणे यांनी जंगलचा कायदा मोडला होता. तोच वारा सतरा वर्षांनी नदी ओलांडून अलीकडे आला. ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्या दिवशी दिल्लीत गांधीजींचा खून झाला त्याच दिवशी, नांदेड जिल्ह्यातल्या उमरी येथील बँकेतून क्रांतिकारकांनी सुमारे २१ लाख रुपये नेले आणि ते लढ्यासाठी लावले. पुढे त्याचा हिशेब दिला. मार्ग योग्य की अयोग्य यावर वर्गात खुशाल वाद व्हावा. किंबहुना तो व्हावाच! पण वाद होण्यासाठी मुलाला ती घटना ठाऊक तरी असली पाहिजे की नको?

आमच्या मुलांना १५ ऑगस्ट १९४७ म्हणजे मिठाई. त्या दिवशी नांदेडात आणि लातुरात भारताचा झेंडा लावणे हा गुन्हा होता, हे मी दरवर्षी वर्गात सांगत असे, आणि दरवर्षी कोणी तरी उठून विचारी, 'सर, मग पंधरा ऑगस्ट आपला न्हाई का?' या प्रश्नाइतका मोलाचा प्रश्न इतिहासाच्या तासाला दुसरा नाही. स्वातंत्र्य एका रात्री साऱ्या देशावर पावसासारखे पडत नसते; ते गावोगाव, नाक्यानाक्यावर मिळवावे लागते, आणि आपल्याकडे ते १७ सप्टेंबर १९४८ ला पोचले, तेरा महिने उशिरा, हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. पण हा प्रश्न परीक्षेत येत नाही. म्हणून तो फळ्यावरही येत नाही.

आता माझ्या विरोधात जे बोलले जाते, त्याचा समाचार घेतो.

पहिला आक्षेप विद्वानांचा. ते म्हणतात, 'निजाम काही इंग्रज नव्हता. हा वसाहतीचा कर नव्हे, हा संस्थानी कर. दोन्हींची सरमिसळ करू नका.' हे म्हणणे दिसायला मोठे शास्त्रशुद्ध आहे. पण निजामाच्या दौलतीत इंग्रजांची फौज होती आणि तिचा खर्च निजामाच्या माथी होता. तो भागेना म्हणून पामर आणि कंपनीसारख्या सावकारी पेढ्यांकडून चढ्या व्याजाने कर्ज काढले गेले. आणि फौजेच्या थकलेल्या खर्चापायी १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांकडे गेले. हा पैसा कोठून येत होता? गोदावरीकाठच्या कुणब्याच्या खळ्यातून! वसाहतीचे राज्य दोन घोड्यांवर बसून चालले होते. एका घोड्यावर साहेब आणि दुसऱ्यावर संस्थानिक. दाणा मात्र दोन्ही घोड्यांना एकाच शेतातला. मुलांना एकच घोडा दाखवणे याला शास्त्र म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप भित्र्या सज्जनांचा. 'रझाकारांचा विषय वर्गात काढला की हिंदू-मुसलमान निघते, नकोच ते.' मी म्हणतो, तुम्ही वर्गात काढला नाही म्हणून तो निघायचा राहिला का? तो पारावर निघतो, निवडणुकीत निघतो, मुलाच्या हातातल्या भ्रमणध्वनीवर रोज निघतो. आणि तेथे शिकवणारा शिक्षक नसतो, भडकवणारा असतो. उलट कराच्या बाजूने हा इतिहास शिकवून पाहा, किती गाठी सुटतात! गावातला सारा गोळा करणारे पाटील, पटवारी, देशमुख बहुतेक हिंदूच होते. लेव्हीची पायली हिंदू कुणब्याच्या घरी गेली तशी मुसलमान कुणब्याच्या घरीही गेली. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी लातुरात वकिली करीत होता, हे सांगा. आणि रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत ज्याला ठार मारले, तो 'इमरोज' पत्राचा तरुण संपादक शोएबुल्लाखान मुसलमान होता, हेही सांगा. रझाकारांनी गावे जाळली, माणसे मारली, ते लपवू नका. अर्जापूरच्या वाटेवर १९४६ साली गोविंदराव पानसरे यांचा खून झाला, ते विसरू नका. आणि पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांच्या ज्या कत्तली झाल्या, त्याही गिळू नका. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पंतप्रधान नेहरूंनीच पाहणीसाठी पाठवले होते. त्यांच्या अहवालाने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार दिला, आणि सर्वांत अधिक झळ लागलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे घातली. तो अहवाल कित्येक दशके दडवून ठेवला गेला. पंधरा वर्षांच्या मुलाला हे सोसणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी पंधरा वर्षांची मुले पाहिलेली नाहीत. त्यांना सत्य सोसते; मोठ्यांचे मौन सोसत नाही.

तिसरा आक्षेप सरकारभक्तांचा. एकदा तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याने मला बाजूला घेऊन विचारले, 'गुरुजी, मुलांना कर नाकारायला शिकवता, उद्या ती घरपट्टी भरायची नाहीत, मग?' या आक्षेपावरच माझे सारे भांडण उभे आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. कर नाकारण्याचा इतिहास ज्याला नीट कळला, तोच मनुष्य कर मन लावून भरतो. गुलाम भीतीने भरतो आणि संधी मिळाली की चुकवतो. नागरिक समजून भरतो आणि मग हिशेब मागतो. आपल्या राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदात म्हटले आहे की, कायद्याच्या अधिकारावाचून कोणताही कर बसवता येणार नाही किंवा वसूल करता येणार नाही. आणि तो कायदा करणारी माणसे आपल्या मतांनी निवडून जातात. माझ्या आजीच्या बळदाचे उत्तर हे एक वाक्य आहे! वर्गात मी मुलांना बिस्किटाचा पुडा आणायला सांगत असे. त्यावर किंमत छापलेली असते आणि पुढे लिहिलेले असते, 'सर्व करांसह'. मग मी म्हणे, 'बाळांनो, तुम्ही कर भरणारे आहात. आता सांगा, हा कर कोणी ठरवला, कोणाला विचारून ठरवला, कोठे गेला, आणि गावच्या ग्रामसभेत त्याबद्दल कोणी तोंड उघडले?' वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होई. आणि मग एकदम दहा हात वर होत. या दहा हातांची भीती कोणाला वाटते? करोडगिरीच्या नाक्यावरच्या शिपायाला वाटत होती, ते मी समजू शकतो. स्वतंत्र देशातल्या अधिकाऱ्याला का वाटावी?

चौथा आक्षेप पालकांचा. म्हणजे सुज्ञ वाचक, आपला. 'गुरुजी, हे सगळे खरे. पण इतिहासाने काय डॉक्टर होतो का पोरगा?' लातूर पॅटर्नचा डंका देशभर वाजला. नांदेडही आता मागे नाही. शेजारच्या जिल्ह्यांतली मुले वसतिगृहांत राहून पहाटे चार वाजता उठतात, पेशीची रचना पाठ करतात. त्यांच्या कष्टांना माझा नमस्कार आहे. कुणब्याचे पोर डॉक्टर होते, यासारखे सुख नाही. पण ज्या लातुरात १९३८ साली महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन भरले, त्याच लातुरात दोन वर्षे राहून गेलेल्या मुलाला त्या गावाविषयी शिकवणीचे वर्ग आणि खानावळ यांपलीकडे काहीच ठाऊक नसावे? लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ मुळात शाळामास्तर होते, हे त्याला ठाऊक नसावे? हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, मग अंबाजोगाईची योगेश्वरी. तेथल्या वर्गांतून हा लढा उठला. स्वातंत्र्यानंतर १९५० साली नांदेडात पीपल्स कॉलेज उभे राहिले, त्यामागेही स्वामीजीच होते. ज्या प्रदेशाचा मुक्तिदाता शिक्षक होता, त्या प्रदेशात इतिहासाचा तास म्हणजे गणिताच्या जादा तासाला उसना द्यायचा तास, अशी त्याची अवकळा व्हावी!

आणि एक विलक्षण गंमत पाहा. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यातल्या कचेऱ्यांतून निजामकालीन दफ्तरे खाली उतरली आहेत. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला, आणि 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द शेंबड्या पोराच्या तोंडी झाला. जातीच्या नोंदी शोधण्यासाठी हे सारे चालले आहे. त्या मागणीच्या बाजूने किंवा विरुद्ध मला येथे एक अक्षरही बोलायचे नाही. ज्याला त्याला आपला कागद शोधण्याचा हक्क आहे. मी एवढेच विचारतो : ती बाडे मुळात कशासाठी लिहिली गेली होती? त्यांतली कितीतरी साऱ्यासाठीच! कोणाची जमीन किती, कोणाकडून किती घ्यायचे, याची ती टिपणे आहेत. पूर्वजांचे नाव शोधताना त्या नावापुढचा आकडा कोणी वाचतो का? त्या आकड्यातच त्यांचा घाम आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. नवे पुस्तक नको, नवी समिती नको, १७ सप्टेंबरला आणखी एक भाषणही नको. आठवीच्या पुस्तकात हैदराबाद मुक्तिसंग्रामावर मजकूर आहे. तो पुरेसा धागा आहे. नांदेड-लातूरच्या प्रत्येक माध्यमिक शाळेने त्या धड्याला सहा तास द्यावेत. पहिल्या तासाला आपल्या गावच्या वाट्याचे शब्द : करोडगिरी, गुत्ता, लेव्ही, वेठ. आजही आपण कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतो; तो शब्द कोठून आला, हे मुलांनीच शोधावे. दुसऱ्या तासाला चार प्रश्न : काय घेतले, कोणी घेतले, कोणाच्या संमतीने घेतले, आणि गेले कोठे. तिसऱ्या तासाला घरातल्या पेटीतला जुना कागद, जुने नाणे, आजीची आठवण. चौथ्याला वाद : उमरीची बँक योग्य की अयोग्य? पाचव्याला लढ्याचे आणि नंतरच्या कत्तलींचे दुःख, दोन्ही बाजूंचे, नावांसकट. आणि सहाव्या तासाला बॉस्टन, बार्डोली आणि दांडी. बघा मग, मुलांना ती गावे परकी वाटतात का!

हे सहा तास कोणी रोखून धरलेले नाहीत. ते मुख्याध्यापकांच्या हाती आहेत, शिक्षकांच्या हाती आहेत. आणि सर्वांत अधिक पालकांच्या हाती आहेत, कारण पालकांनी मागितले ते शाळा देते, हा माझा एकतीस वर्षांचा अनुभव आहे. आजवर पालकांनी गुण मागितले, शाळांनी गुण दिले. या दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतील तेव्हा एकदा जाऊन विचारून पाहा : आमच्या गावचा नाका कोठे होता, आणि तो कोणी मोडला? शिक्षकाला उत्तर येत नसेल, तर तो शोधील. आणि त्याने शोधले नाही, तर तुमच्या मुलाला शोधू द्या. आपल्या हक्काचे उत्तर आपणच शोधायचे असते, एवढे त्याला उमगले, तरी स्वातंत्र्याचा पहिला धडा त्याला आला असे मी समजेन.